दवातली रेघ

त्रिशूरला हिवाळा येत नाही. डिसेंबर येतो, घराघरांवर कागदी चांदण्या लागतात, पहाटे देवळाकडे निघालेली म्हातारी माणसं कानाभोवती मफलर गुंडाळतात आणि आमचे हे जिना उतरता उतरता म्हणतात, "आज जरा गारवा आहे, नाही?" डोक्यावर पंखा गरगरत असतो आणि यांना गारवा वाटतो. आमचं विटा गाव सोडून इतकी वर्षं झाली, की थंडी कशाशी खातात हेच ते विसरून गेलेत.

खाली आमचं सोनं गाळायचं दुकान आहे. विट्याकडच्या कितीतरी घरांतला एखादा माणूस असा कुठल्या ना कुठल्या लांबच्या शहरात भट्टीपुढे बसलेला असतो. आमच्या घरातला इथे आहे. डिसेंबर लागला की मी एक काम न चुकता करते. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढते आणि तिच्यातलं आबांचं लष्करी ब्लँकेट गच्चीवर उन्हात टाकते. त्याला पूर्वी पेट्रोलचा आणि तंबाखूचा वास यायचा. आता येत नाही, असं घरातले सगळे म्हणतात. मला येतो. त्या ब्लँकेटशेजारी मी बसते आणि माझा हिवाळा सुरू होतो. तो एकच आहे, नव्वदीच्या दशकातला, माझ्या लग्नाआधीचा.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. तरी त्यांच्याविषयी लिहायला बसलं की हाताखाली 'आहेत' येतं, ते खोडून 'होते' करावं लागतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर माझं लग्न ठरलं. मुलगा चांगला, माणसं चांगली, नाही म्हणायला जागाच नव्हती, आणि तीच खरी पंचाईत होती. भांडायचं तरी कुणाशी? लग्न वैशाखात धरलं होतं. मधे हिवाळा तेवढा माझा उरत होता. मी विट्याच्या एका स्टुडिओत फोटोंना टचिंग करायची, डार्करूममध्ये काळेपांढरे रोल धुवायची. स्टुडिओवाल्या काकांनी मला त्यांचा जुना रशियन कॅमेरा वापरायला दिला होता. गळ्यात अडकवला की छातीवर वरवंटा ठेवल्यासारखं वाटायचं. दिवसभर लोकांच्या गालावरचे व्रण बुजवून मला माणसांच्या चेहऱ्यांचा कंटाळा आला होता. डोंगराला टचिंग लागत नाही.

आबा लष्करात ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप घेतली आणि विटा ते तासगाव वडाप सुरू केलं. आठ माणसांच्या जागेत पंधरा माणसं, दोन करडं आणि टपावर कोथिंबिरीची पोती. त्या दिवशी ते जीपखाली उताणे पडून काहीतरी आवळत होते. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते. मी त्या पायांशी बोलले.

"आबा, मला एक हिवाळा पायजे."

"कशाला?"

"डोंगराचं फोटू काढायचं हाईत. तिकडं गेल्यावर आपलं डोंगर कुठलं?"

बराच वेळ नुसता लोखंडाचा आवाज. मग चाकाआडून एक काळाकुट्ट हात बाहेर आला. "दहा-अकराचा पाना दे." मी दिला. हात आत गेला. थोड्या वेळानं खालून आवाज आला, "कुठलं कुठलं डोंगर?"

हा होकार होता. आमच्याकडे होकार असाच देतात.

आईला हे अजिबात पटलं नाही. "डोंगराचं काय फोटू काढतीस? डोंगर पळून चाललाय व्हय?" असं ती म्हणाली. शेजारणींनी तर कपाळालाच हात लावला. लगीन ठरलेली पोरगी बापाबरोबर डोंगरानं हिंडतीया! पण त्यांच्यासमोर आई आमचीच बाजू घ्यायची. "बापाबरोबरच हिंडतीया न्हवं? मग तुमचं काय दुखतंय?" आणि आम्ही निघताना भाकरी, लसणाची चटणी आणि गुळाचा खडा फडक्यात बांधून माझ्या मांडीवर आदळायची.

मार्गशीर्षातल्या पहाटा अजून अंगावर येतात. जीपला दारं नव्हती. वारा एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं निघून जायचा आणि जाता जाता कान घेऊन जायचा. आबा ब्लँकेट माझ्या पायांवर टाकायचे आणि स्वतः नुसत्या स्वेटरवर. "आमी बर्फात गाडी चालवल्याली माणसं," एवढं एकदा म्हटलं की त्यांचं भागायचं. हरभऱ्याच्या रानाकडेनं जाताना ते मुद्दाम जीप हळू करायचे. पानांवर धरलेली आंब मी बोटानं पुसून जिभेवर ठेवायची. ती आंबट, गार चव. इथे बाजारात सगळं मिळतं, हे मिळत नाही.

एकदा आम्ही तासगावच्या बाजूला एका उघड्याबोडक्या डोंगरावर चढलो होतो. चढलो म्हणजे जीप चढली. वाट अशी नव्हतीच, होती ती शेळ्यांची. वरून बघितलं तर खाली द्राक्षांचे मळे, आणि थंडीनं घड तडकू नयेत म्हणून बागाईतदारांनी बांधाबांधांवर पेटवलेला पालापाचोळा. धूर वर जातच नव्हता. सगळ्या शिवारावर तो अंथरल्यासारखा पडला होता आणि त्यातून फक्त बेदाण्याच्या शेडची टोकं वर आलेली. मी फोटो काढत होते तेवढ्यात मेंढरं हाकत एक मेंढका तिथे आला. बराच वेळ माझ्याकडे, मग कॅमेऱ्याच्या तोंडाकडे, मग आबांकडे बघत राहिला.

"कशाचा फोटू म्हनायचा ह्यो?"

"डोंगराचा," आबा म्हणाले.

"मानूस न्हाई त्यात?"

"न्हाई."

"मग वळखायचा कसा?"

आबांना हा प्रश्न फार आवडला. परत येताना वाटभर ते मधेच हसत होते. "मग वळखायचा कसा, म्हंतोय!" मीही हसले. फोटो स्टुडिओत धुतल्यावर लक्षात आलं, प्रश्न बरोबर होता. डोंगर ओळखायला काहीतरी खूण लागते, आणि माझ्या फोटोंत ती होती. मला तेव्हा ती डोळ्यांसमोर नको होती, एवढंच.

ती खूण आबांची होती. त्यांचा एक नियम होता. आदी पाय, मग चाक. डांबर संपलं आणि नुसतं रान सुरू झालं, की ते जीप थांबवायचे, खाली उतरायचे आणि म्हणायचे, "थांब हितंच. मी बघून येतो." मग हात मागे बांधून, मान खाली घालून त्या गवतातून चालत जायचे. कुठे दगड आहे, कुठे जमीन भुसभुशीत आहे, गवताखाली एखादी घळ आहे का, हे पायानं दाबून बघायचे. आमच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. कळप नव्या रानात घालायच्या आधी आजोबा असेच पुढे चालत जायचे म्हणे. लष्करात गेल्यावर आबांनी मेंढरांच्या जागी ट्रक घातला, बाकी काही बदललं नाही. पुढची जमीन बघून झाली की ते लांबून एक हात वर करायचे आणि ओरडायचे, "वाट हाय गं!" मग जरा बाजूनं चालत परत येऊन जीप सुरू करायचे, आणि आम्ही पुढे जायचो.

आता हिवाळ्यातल्या पहाटेचं गवत म्हणजे दवानं पांढरं झालेलं. त्यातून माणूस चालत गेला की मागे काळपट रेघ उमटते. मला अस्पर्श, एकसंध, चंदेरी उतार हवा असायचा आणि त्याच्या मधोमध आबांची रेघ, जाणारी आणि येणारी.

"आबा, दव मोडलं की वं सगळं!"

"दव उद्या परत पडंल. जीप मोडली तर?"

मी तोंड फुगवून फोटो काढायची.

पाचगणीला आम्ही एकदाच गेलो. तिथे स्वेटर घातलेल्या शाळेतल्या पोरांची रांग चालली होती, स्ट्रॉबेरीच्या टोपल्या मांडल्या होत्या आणि पठारावर जो तो दुसऱ्याचा फोटो काढत होता. आबा जीपमधून खालीच उतरले नाहीत. "हितं सगळं डांबर हाय. हितं माजं काय काम?" आम्ही चहा पिऊन माघारी फिरलो.

तो हिवाळा असा चालला होता. बाजाराचे दिवस सोडून, भाडी सोडून, आबा मला घेऊन निघायचे. घरी बायका मसाले कुटत होत्या, साड्यांची देवाणघेवाण ठरत होती, आणि मी मनातल्या मनात डोंगर मोजत होते: हा झाला, तो राहिला. मला भीती वाटत होती. लग्नाची नाही म्हणता येणार. नवऱ्यामुलाशी दोनदा बोलले होते, माणूस हसरा होता. भीती अशी, की आपण जिथे वाढलो ते रान आपल्यामागे आपल्यावाचून मजेत राहील, आणि आपण मात्र त्याच्यावाचून आयुष्यभर कोरडे राहू. तसं झालं का? थोडं झालं.

माघात, थंडी ओसरायच्या बेताला, आम्ही साताऱ्यापलीकडच्या मोठ्या पठारावर गेलो. ही शेवटची फेरी. पठार म्हणजे नुसता काळा कातळ आणि त्यावर वाळलेलं, गुडघाभर गवत. पलीकडे खोल कोयनेचं खोरं. आम्ही पोचलो तेव्हा खोऱ्यातलं धुकं वर चढून पठारावर सांडत होतं. सूर्य उगवला होता, पण तो धुक्यातच कुठेतरी अडकलेला. आबांनी जीप थांबवली.

"थांब हितंच. मी बघून येतो."

ते चालत गेले. थोड्या पावलांवर त्यांचे पाय दिसेनासे झाले, मग कमर, मग स्वेटर, मग नुसतं मुंडासं, मग तेही नाही. मागे उरली दवातली ती रेघ. माझ्या बुटांपासून निघालेली, सरळ धुक्यात शिरलेली. इतके दिवस जिच्यावर चिडत होते, ती त्या दिवशी मला सुंदर दिसली. का, ते आजही सांगता येत नाही. मी फोटो काढला.

मग वाट बघत बसले. आवाज नाही, काही नाही. नेहमीपेक्षा फार वेळ झाला. मी हाक मारली, ती धुक्यानं गिळली. शेवटी कुठूनतरी त्यांचा तो तंबाखूचा खोकला ऐकू आला आणि मी कॅमेरा सीटवर टाकून पळत सुटले. धुक्यातून ते येत होते, ओल्या पायजम्यानं, सावकाश.

"पुढं कडा हाय," ते म्हणाले. "एकदम हाय. गवताला लागूनच. बरं झालं चालत गेलो."

मी त्यांचा हात धरला. लहानपणानंतर पहिल्यांदाच धरला असेन. आम्ही जीपपाशी आलो, बॉनेट अजून गरम होतं, त्याला टेकून थर्मासमधला चहा प्यालो. आबा कप हातात नुसता फिरवत होते. मग खोऱ्याकडे बघत म्हणाले,

"तुजं ते गाव मी बघितल्यालं न्हाई गं."

"कुठलं?"

"तरिसूर. लोकं सांगत्यात, चांगलं हाय. आसंल. पर मी चालून बघितल्यालं न्हाई. जल्मात पयल्यांदा न बघता फुडं घालतोय."

आबांच्या डोळ्यांत पाणी मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ते त्यांनी बाहीनं पुसलं आणि वाऱ्याला शिवी दिली.

लग्न झालं. मी इथे आले. आणि आषाढात, धो धो पाऊस पडत असताना, एक दिवस आबा दारात उभे. हातात छत्री, खांद्याला पिशवी, पिशवीत तासगावचे बेदाणे. स्टेशनवरून रिक्षा केली नव्हती. पत्ता विचारत चालत आले होते. भाषा येत नसताना कसे आले कोण जाणे. तीन दिवस राहिले. तिन्ही दिवस छत्री घेऊन गल्ल्या फिरले. बाजार कुठे, दवाखाना कुठे, पाणी कुठे तुंबतं, देवळामागचा बोळ कुठे निघतो. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "माती लय वली हाय हितली. पर जागा पक्की हाय." मग त्यांनी एक हात वर केला. भर गल्लीत. "वाट हाय गं." आमच्या ह्यांना काही कळलं नाही. मी मात्र दाराआड जाऊन पोटभर रडले.

ती ओली माती कॅमेऱ्याला मात्र मानवली नाही. स्टुडिओवाल्या काकांनी आहेर म्हणून तो मला देऊन टाकला होता. दुसऱ्या पावसाळ्यात भिंगाच्या आत बुरशी धरली, कोळ्याच्या जाळ्यासारखी. पुसायला गेले तर ती आतून. त्यानंतर मी फोटो काढले नाहीत. खरं सांगायचं तर, बुरशीवर खापर फोडणं मला सोयीचं होतं.

त्यापुढच्या हिवाळ्यात आबांचा फोन आला. गावातल्या बूथवरून, मागे एसटीचा हॉर्न वाजत होता. छातीत दुखतंय, सांगलीला मोठ्या दवाखान्यात दाखवायला चाललोय, म्हणाले. मला सातवा महिना होता.

"मी येते, आबा."

"खुळी काय तू? आसल्या अवघडल्यापणी? थांब तितंच. मी बघून येतो, मग तुला सांगतो."

मी थांबले. का थांबू नये? जन्मभर ते असंच म्हणाले होते आणि दर वेळी परत आले होते. मी फोनजवळ खुर्ची ओढून बसले. दोन दिवसांनी फोन वाजला तेव्हा आवाज चुलत्यांचा होता.

आगगाडीला वाटेत डोंगर लागले. मी खिडकीचं शटर ओढून घेतलं.

मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. आमच्याकडे माणूस गेला की घरात दिवा लावतात, शेजारी बारीक पीठ पसरतात आणि त्यावर वेळूची पाटी पालथी घालून ठेवतात. सकाळी पाटी उचलून बघतात. पिठावर पाऊल उमटलेलं असतं म्हणे, त्यावरून तो जीव कुठल्या जन्माला गेला ते समजतं. त्या सकाळी चुलतीनं पाटी उचलली. बायका वाकल्या. कुणी म्हणालं पाखराचं पाऊल, कुणी म्हणालं वासराचं. "तू बघ, तू लेक हायस," म्हणून मला पुढे सरकवलं. पोट आवरत मी वाकले. मला पीठ दिसलं. नुसतं पांढरं, सपाट पीठ. त्या हिवाळाभर तक्रार केली होती ना, दव मोडलं म्हणून. आता बघ, कुणी मोडलेलं नाही.

आई तेवढा वेळ भिंतीला टेकून बसली होती. ती उठली, आत गेली आणि धान्याच्या कोठीमागून एक डबा घेऊन आली. त्यात माझे फोटो होते. मी लग्नाआधी घरी सोडून गेलेले, सगळे. डबा तिनं पिठाजवळ ठेवला.

"ह्यात हाईत त्येंची पावलं," ती म्हणाली. "पिठात काय हुडकताय?"

आई एकेक फोटो काढून जमिनीवर मांडत गेली. डोंगराचे फोटो कशाला, म्हणणारी माझी आई. तिला प्रत्येक फोटोतली रेघ पाठ होती. "हितनं गेल्यात. ह्ये बघा, हितनं परत आल्यात." बोट ठेवून दाखवत होती. "हितंबी आल्यात." शुकाचारीच्या उताराचा, सागरेश्वरच्या डोंगराचा, द्राक्षांच्या धुरावरचा. प्रत्येकात जाणारी एक, येणारी एक. मग तिच्या हातात पठाराचा फोटो आला आणि तिचं बोट धुक्यापाशी थांबलं.

"हितनं आल्यालं दिसत न्हाईत."

"आले होते गं आई. मी आधीच फोटो काढला. नंतर आले."

"मग आल्याला फोटू कुठं हाय?"

"नाही काढला."

तिनं मान हलवली. फोटो पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला. त्यानंतर तिनं तो कधी मागितला नाही.

आता त्या पठारावर पवनचक्क्या आहेत. त्या हिवाळ्यानंतर दोन-चार वर्षांत आल्या, आणि त्यांच्यासाठी पार कड्यापर्यंत डांबरी रस्ता गेला. माणसं गाडीतून जातात, पात्यांचे फोटो काढतात, येतात. मी एकदा गेले होते, मुलीला घेऊन. जी तेव्हा पोटात होती, ती. "छान आहे," असं ती म्हणाली. छान आहेच. डोंगर पळून चाललाय व्हय, असं आई म्हणाली होती. डोंगर आहे तिथे आहे. आम्हीच एकेक करून निघून आलो.

तो फोटो इथे जिन्यात लावलाय. दुकानात येणारी माणसं वर चढताना थबकतात आणि ही रेघ कसली, ओढा आहे का, पायवाट आहे का, असं विचारतात. मला मल्याळम आता बरं येतं, पण याचं उत्तर देताना अजून शब्द अडकतात. मी हो म्हणते, पायवाट आहे.

आज सकाळी ब्लँकेट उन्हात घालून खाली येताना तिथेच उभी राहिले. यांनी विचारलं, "काय झालं? का थांबलीस?" काय सांगू? आबांनी थांब म्हणून सांगितलं होतं. "वाट हाय गं" म्हणायचं तेवढं राहून गेलं.